शेवटचा प्रतिस्पर्धी

मे महिन्यांतील नागपूरची दुपार. पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत आहे, धरमपेठेपासून महालापर्यंतचे रस्ते ओस पडले आहेत, आणि घरोघर कूलरमधील वाळ्याचा ओला वास दरवळत आहे. पानें वाढलीं आहेत. आजी दोनदां हांक मारून आली. तिसऱ्या हांकेला आंतल्या खोलींतून नातवाचें उत्तर येतें, "आलों ग आजी, शेवटची लढाई चालूं आहे!" आजोबा वर्तमानपत्रांतून मान वर काढतात आणि म्हणतात, "काल संध्याकाळींहि शेवटचीच चालूं होती. हा शेवट आहे तरी केवढा?"

आजोबांचा प्रश्न थट्टेचा असला, तरी तो विचार करण्याजोगा आहे. नातवाच्या हातांतील त्या लहानशा यंत्रांत असा कोणता प्रतिस्पर्धी दडून बसला आहे, कीं ज्याच्यापुढें मूल चार वेळां हरतें, आणि पांचव्यांदां पुन्हां हौसेनें उभें राहतें? हेंच मूल गणिताचें एक उदाहरण चुकलें तर वही मिटून ठेवतें. मग येथें त्याला ही चिकाटी कोठून येते? श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर त्या खेळाच्या आंत थोडें डोकावून पाहिलें पाहिजे.

खेळाचें नांव पोकेमॉन. तऱ्हेतऱ्हेचे काल्पनिक प्राणी पकडावे, त्यांना शिकवून तयार करावें, आणि त्यांच्या बळावर सामने जिंकावे, असें त्याचें स्वरूप आहे. त्याचा जनक सातोशी ताजिरी हा १९६५ सालीं जन्मलेला जपानी गृहस्थ. त्याचें बालपण तोक्योच्या माचिदा या उपनगरांत गेलें. तेथें रानांत आणि पाण्याच्या कांठीं किडे पकडून जमविण्याचा त्याला विलक्षण छंद होता. पुढें शहर वाढलें, मोकळ्या जागा बुजल्या, आणि किड्यांबरोबर तो छंदहि लोपला. तो आनंद शहरांतील मुलांना परत मिळावा, या इच्छेंतून हा खेळ जन्माला आला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं त्याचे 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन भाग निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं जपानांत प्रसिद्ध झाले. त्यांत १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे.

नियम थोडे आणि सोपे आहेत. खेळाडूनें बरोबर सहा प्राणी बाळगावे, अधिक नाहीं. प्रत्येक प्राण्याला एका वेळीं चारच डाव येतात. प्रत्येकाची एक प्रकृति असते. पाणी अग्नीला विझवतें, अग्नि वनस्पतीला जाळतो, आणि वनस्पति पाणी शोषून घेते. अशा आज १८ प्रकृति आहेत. योग्य प्रकृतीचा डाव योग्य वेळीं टाकला तर आघात दुप्पट होतो, चुकला तर निम्मा. शिवाय अनुभवानुसार प्रत्येक प्राण्याची पातळी १ पासून १०० पर्यंत चढत जाते. खेळाडू गांवोगांव फिरून आठ आखाड्यांतील आठ प्रमुखांना हरवतो. मग त्याला चार दिग्गजांपुढें एकामागून एक उभें राहावें लागतें, आणि चौघेहि पडले म्हणजे शेवटीं राहतो तो विजेता, ज्याला मुलें 'चॅम्पियन' म्हणतात. मध्येंच हार झाली तर पुन्हां पहिल्या दिग्गजापासून आरंभ. आजोबांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. 'शेवटची लढाई' काल संपली नाहीं, कारण ती काल पांच लढायांची होती आणि आजहि पांचांचीच आहे.

आतां कठीण म्हणजे काय, हें पाहावयाचें. शाळेंतील परीक्षांप्रमाणेंच या अंतिम सामन्यांचेहि निरनिराळे प्रकार आहेत, आणि सर्वच कठीण परीक्षा चांगल्या असतात असें नव्हे.

पहिला प्रकार नियम मोडून कठीण झालेल्या परीक्षेचा. १९९९ सालच्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांत लान्स नांवाचा विजेता आहे. त्याच्याजवळ ड्रॅगनाइट नांवाचे तीन बलाढ्य प्राणी आहेत. दोघांची पातळी ४७, तिसऱ्याची ५०. पण खेळाचा नियम असा, कीं ड्रॅगनाइट हें रूप ५५ व्या पातळीपूर्वीं कोणत्याहि प्राण्याला मिळत नाहीं. खेळाडूनें ५५ पर्यंत घाम गाळावयाचा, आणि लान्सला तें फळ आधींच तोडून मिळावयाचें! २०१० सालच्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या भागांत गेट्सिस या खलपुरुषाजवळ हायड्राइगन नांवाचा तीन मुखांचा प्राणी ५४ व्या पातळीवर आहे; नियमाप्रमाणें तो ६४ व्या पातळीवर व्हावयास हवा. गेट्सिस हा कथेंतील कपटी माणूस असल्यामुळें त्याची लबाडी एक वेळ शोभून तरी दिसते. लान्सला तीहि सबब नाहीं. तालमींतील ती जुनी गोष्ट सर्वांच्या ऐकण्यांत असेल. उस्तादानें शिष्याला सर्व डाव शिकविले, पण एक राखून ठेवला, आणि शिष्य उन्मत्त होऊन अंगावर आला तेव्हां त्याच डावानें त्याला चीत केलें. गोष्ट ऐकावयास गोड आहे. पण त्या शिष्याच्या जागीं बसून पाहिलें, तर त्याला त्या पराभवांतून शिकण्याजोगें कांहीं उरत नाहीं. जो डाव शिकविलाच नाहीं, त्याची परीक्षा घेणें ही परीक्षा नव्हे.

दुसरा प्रकार दमछाकीचा. २८ जानेवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध झालेल्या 'लेजेंड्स: आर्सेअस' या भागांत व्होलो नांवाचा एक हंसतमुख व्यापारी आरंभापासून खेळाडूच्या वाटेवर भेटत राहतो. गोड बोलतो, मदत करतो. अखेर पर्वतावरील पडक्या देवळांत त्याचें खरें रूप उघडें होतें. तो एकामागून एक सहा प्राणी पुढें करतो. ते सहाहि पडले, आतां सुटलों, असें खेळाडूला वाटतें, तोंच गिराटिना नांवाचा महाकाय प्राणी अवतरतो. तोहि पडतो, आणि निराळें रूप घेऊन पुन्हां उठतो. म्हणजे एकंदर आठ झुंजी, आणि मध्यें विसावा नाहीं. येथें अन्याय नाहीं, पण निर्दयता आहे. सहा प्राण्यांचा हिशेब करून आलेला खेळाडू सातव्यापुढें रिकाम्या हातांनीं उभा राहतो. ज्यानें हातचें थोडें राखून ठेवलें होतें, तोच तरतो. संसारांतील पुष्कळ प्रसंग याच जातीचे असतात, हें घरांतील वडील माणसांना निराळें सांगावयास नको.

तिसरा प्रकार सर्वांत श्रेष्ठ, आणि नीट पाहिलें तर सर्वांत कठीण. त्यांत प्रतिस्पर्धी नियम मोडत नाहीं, फसवीत नाहीं. तो केवळ खेळाडूच्याच वाटेनें त्याच्या आधीं चालून गेलेला असतो.

पहिल्याच भागांतील शेवटचा विजेता पाहा. चार दिग्गजांना हरवून मुलगा अखेरच्या दालनांत शिरतो, आणि समोर कोण? एखादा राक्षस नव्हे, सम्राट नव्हे, तर शेजारचाच मुलगा. प्राध्यापक ओक यांचा हा नातू पहिल्या दिवशीं त्याच्याबरोबरच घराबाहेर पडला होता, आणि त्याच्या प्राण्याला भारी पडेल असाच प्राणी त्यानें तेव्हां मुद्दाम उचलला होता. आज तोच प्राणी ६५ व्या पातळीवर पोहोंचला आहे. सबंध प्रवासांत हा मुलगा एक पाऊल पुढें राहिला, आणि दिग्गजांनाहि त्यानें थोडा वेळ आधीं हरविलें. एका वर्गांत, एका बांकावर बसलेल्या मुलांची ही चुरस आहे. म्हणून ती मुलांच्या जिव्हारीं लागते.

यानंतरची पायरी सिंथियाची. २८ सप्टेंबर २००६ रोजीं निघालेल्या 'डायमंड' आणि 'पर्ल' या भागांतील ही विजेती. सर्वांत कठीण कोण, असें या खेळांत मुरलेल्यांना विचारलें, तर वारंवार तिचेंच नांव पुढें येतें. ती पुराणकथांची अभ्यासक आहे. खेळाडू नवशिका असतांना ती त्याला वाटेंत भेटते, अडलेल्या जागीं उपयोगी पडेल अशी वस्तु देते, प्राचीन देवतांच्या कथा समजावून सांगते, आणि निघून जाते. ही विदुषीच शेवटच्या दालनांत आपली वाट पाहत उभी असेल, असें मुलाच्या मनांतहि नसतें.

तिचें बळ आंकड्यांत नाहीं, रचनेंत आहे. तिचा पहिला प्राणी स्पिरिटूम. त्याच्या ठायीं दोन प्रकृतींचा असा मिलाफ आहे, कीं त्या काळच्या नियमांप्रमाणें त्याला मर्मस्थान असें नव्हतेंच. २०१३ सालीं परी ही नवी प्रकृति खेळांत आली, तेव्हां कोठें त्याला तें निर्माण झालें. आठ आखाड्यांत मुलगा एकच युक्ति शिकत आला होता : समोरच्याची प्रकृति ओळखावी आणि तिच्या वैऱ्याला पुढें करावें. सिंथियाच्या पहिल्याच प्राण्यापुढें ती युक्ति निरुपयोगी ठरते. त्याच्या मागून येणारे प्राणी, रोझरेड, गॅस्ट्रोडॉन, लुकारिओ, मायलोटिक, इतके भिन्न प्रकृतींचे आहेत, कीं कोणत्याहि एका प्राण्याच्या जोरावर सर्वांचा निकाल लावतां येत नाहीं. आणि शेवटीं गारचॉम्प. पातळी ६६, अत्यंत चपळ, एका तडाख्यांत समोरच्याला लोळविणारा. त्याला मर्म आहे. बर्फाचा आघात त्याला चौपट लागतो. पण बर्फाचा डाव जाणणारा प्राणी त्याचा पहिला तडाखा सोसून उभा राहिला तर! २०२१ सालीं या भागांची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां तिच्या गारचॉम्पजवळ बर्फाचा आघात निम्मा करणारें एक फळहि देण्यांत आलें. ज्यांनीं जुनें उत्तर पाठ केलें होतें, त्यांना पुन्हां विचार करावा लागला.

येथें महाभारताची आठवण होते. भीष्मांनीं ज्या परशुरामांपाशीं अस्त्रविद्या घेतली, त्यांच्याशींच त्यांना युद्ध करावें लागलें. आणि अर्जुनाला द्रोणाचार्यांसमोर धनुष्य उचलावें लागलें. शिकविणाराच जेव्हां परीक्षक होतो, तेव्हां शिष्याच्या पोटांत कालवतें. परंतु ज्यानें शिकविलें, तोच शिष्याची खरी किंमत जाणतो. सिंथिया हरते, तेव्हां तिला संताप येत नाहीं; ती मोकळ्या मनानें अभिनंदन करते. म्हणून तिच्याकडून चार वेळां हरलेलें मूलहि तिच्यावर रुसत नाहीं.

आणि सर्वांच्या पलीकडे, पर्वताच्या शिखरावर, उभा आहे रेड. १९९९ सालच्याच भागांत, सोळा पदकें मिळवून सर्व जिंकून झाल्यावर, खेळाडूला एका पर्वतावर जाण्याची मोकळीक मिळते. शिखरावर एक मुलगा एकटाच उभा असतो. तो एक शब्दहि बोलत नाहीं. त्याच्या नांवापुढें नुसतीं टिंबें उमटतात, आणि लढाई सुरू होते. लान्सचा सर्वांत समर्थ प्राणी ५० व्या पातळीवर होता. या मुलाचा पिकाचू ८१ व्या पातळीवर आहे. हा मुलगा कोण? पहिल्या भागाचा नायक! तीन वर्षांपूर्वीं ज्याच्या रूपानें मुलें हा खेळ खेळलीं, तोच. आरंभीं ज्या तीन प्राण्यांतून एकच निवडतां येई, ते तिन्ही त्यांच्या अंतिम रूपांत त्याच्याजवळ आहेत. वाट अडवून झोपणारा स्नॉरलॅक्सहि आहे. म्हणजे मुलाला आतां आपल्याच जुन्या विजयाशीं लढावयाचें आहे. तो विजय मुकेपणानें विचारतो : तेव्हां एवढें केलेंस, आज त्याहून अधिक करूं शकतोस काय? हा प्रश्न ऐकल्यावर खेळ हा केवळ खेळ राहत नाहीं.

हें सारें काल्पनिक असें कोणी म्हणेल. तर आतां नागपूरचेंच एक सत्य उदाहरण घ्यावें. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत जॉर्जिया देशांतील बातुमी या समुद्रकांठच्या शहरीं महिलांची बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धा झाली. नागपूरची कु. दिव्या देशमुख ही १९ वर्षांची खेळाडू तेथें उतरली, तेव्हां ग्रँडमास्टर या किताबासाठीं लागणाऱ्या नॉर्मपैकीं एकहि तिच्या खात्यावर नव्हता. स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो घरीं गेला. वाटेंत तिला चीनची झू जिनर भेटली, मग भारताचीच ग्रँडमास्टर द्रोणावल्ली हरिका, मग माजी विश्वविजेती तान झोंगयी. तिघींनाहि मागें टाकून ती अंतिम सामन्यांत आली, आणि समोर बसल्या होत्या श्रीमती कोनेरु हंपी.

हंपी २००२ सालीं, वयाच्या १५ व्या वर्षीं, ग्रँडमास्टर झाल्या. तो किताब मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला त्याच. दिव्याचा जन्म २००५ सालचा. म्हणजे तिच्या जन्माच्या तीन वर्षें आधींच त्या ती वाट चालून गेल्या होत्या. भारतांतील मुलींनीं बुद्धिबळांत कोठपर्यंत जावें याची रेघ त्यांनीं आंखून ठेवली होती, आणि दिव्याला तीच रेघ ओलांडावयाची होती. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरींत सुटले. निकाल जलद डावांवर आला. आणि जलद बुद्धिबळांत तर हंपी २०१९ आणि २०२४ अशा दोनदां विश्वविजेत्या ठरलेल्या. प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या अंगणांत, त्याच्या आवडत्या हत्यारानें लढावयाचें, याहून बिकट शेवट कोणता खेळ रचील? पहिला जलद डाव बरोबरींत गेला. दुसऱ्यांत दिव्याकडे काळीं मोहरीं होतीं. २८ जुलै रोजीं तिनें तो जिंकला, आणि त्या एका विजयानें ती विश्वचषकाची मानकरी व भारताची ८८ वी ग्रँडमास्टर अशी दोन्ही झाली. डाव संपला तेव्हां तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें, आणि आईच्या मिठींत शिरतांना तिला तें आवरतां आलें नाहीं.

बातुमीची लढाई आणि नातवाच्या यंत्रांतील लढाई यांत अंतर मोठें आहे, तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. दिव्या तो डाव हरती, तर कळ दाबून पुन्हां आरंभ करण्याची सोय तेथें नव्हती. यंत्रांतील पराभव स्वस्त असतो; थोडें द्रव्य जातें, आणि पुन्हां पहिल्या दिग्गजापासून सुरुवात. हा स्वस्तपणाच कांहीं खेळाडूंना खुपूं लागला, आणि २०१० सालापासून त्यांच्यांत नझलॉक नांवाचें एक कडक व्रत रूढ झालें. एकदां बेशुद्ध पडलेला प्राणी मेला असें समजावें आणि पुन्हां वापरूं नये. प्रत्येक प्रदेशांत प्रथम दिसेल तोच प्राणी पकडावा, मग तो कसाहि असो. यंत्र हा नियम पाळावयास सांगत नाहीं, मोडला तर शिक्षाहि करीत नाहीं. खेळाडू तो स्वतःच्या शब्दावर पाळतात. असें व्रत घेऊन सिंथियापुढें उभें राहिलेल्या मुलाचा हात प्रत्येक डावाला थरथरतो. पराभवाला किंमत आली, कीं विचारालाहि किंमत येते.

परंतु ज्यानें व्रत घेतलें नाहीं, त्याचा स्वस्त पराभवहि वायां जात नाहीं. तालमींत पहिलवान शंभर वेळां पडतो, तें मैदानांत एकदां न पडण्यासाठीं. मूल गणिताची वही मिटतें आणि सिंथियापुढें मात्र पांचव्यांदां उभें राहतें, याचें मर्म येथेंच आहे. वहीवरील लाल फुलीनें त्याची लाज जाते. खेळांतील पराभवानें त्याला केवळ एवढेंच कळतें, कीं स्पिरिटूमपुढें हा प्राणी चालला नाहीं, दुसरा पाहिला पाहिजे. पराभव त्याच्यापुढें दोष म्हणून येत नाहीं, बातमी म्हणून येतो. शाळेला आणि घराला या यंत्रापासून घेण्यासारखें कांहीं असेल, तर तें हेंच.

यावरून दिवसभर यंत्राला डोळे लावून बसावें असा अर्थ कोणी काढूं नये. जेवणाची वेळ ती जेवणाचीच. पण हिशेब विचारतांना प्रश्न कोणता विचारावा, याला महत्त्व आहे. "किती वेळ खेळलास?" या प्रश्नाला मूल खोटें उत्तर देतें. "कोठें हरलास, आणि कां?" असें विचारून पाहावें. मग तें मूल आपण होऊन सांगूं लागतें. सांगतां सांगतां त्याला आपली चूक दिसते, आणि पुष्कळदां यंत्र बाजूला राहून बोलणेंच रंगतें.

त्या दुपारीं नातू अखेर पानावर येऊन बसतो. चेहरा पडलेला आहे. आजी वरण वाढते. आजोबा चष्मा काढून ठेवतात आणि विचारतात, "मग, शेवट झाला कीं नाहीं?"

"नाहीं, आजोबा. तिचा शेवटचा एकच राहिला होता."

"आणि तुझे किती?"

"माझा पण एकच. पण तिचा आधीं धावला."

आजोबा थोडा वेळ विचार करतात. पोकेमॉन हा शब्दहि त्यांना नीट उच्चारतां येत नाहीं. पण तरुणपणीं कॅरमच्या शेवटच्या सोंगटीवर त्यांनींहि कांहीं सामने घालविलेले आहेत. ते म्हणतात, "तो आधीं धावणार हें तुला ठाऊक होतें ना? मग त्याच्यापुढें त्याचा पहिला तडाखा सोसेल असा कोणी ठेवायला हवा होता."

नातू घांस हातांत धरून आजोबांकडे पाहत राहतो. मग पडलेला चेहरा हळूहळू उजळतो. "आजोबा," तो म्हणतो, "जेवण झालें कीं तुम्ही माझ्याजवळ बसाल?"